‘भंगारवाला बघून घेईल’ म्हणणाऱ्यांना

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये विचारा, फर्निचरच्या दुकानात विचारा, प्लंबरला विचारा की लाकडाच्या वखारीत विचारा: करवतीच्या झिजलेल्या पात्यांचे काय करता? उत्तर ठरलेले आहे. “काय करायचंय? कोपऱ्यात टाकतो, पोतं भरलं की भंगारवाला नेतो.” आणखी खोलात शिरले की आवाज चढतो. पाते लोखंडाचे, लोखंड शेवटी भट्टीतच जाणार. मध्ये कोणाच्या हाताला खरचटले तर त्या धंद्यात ते चालायचेच. मोडलेला चार इंचांचा तुकडा कागदात गुंडाळत बसायला कारागिराला दुसरे काम नाही का? आणि पाते चांगले असेल तर टाकायचे तरी कशाला, मूठ लावली की सुरी झाली, आपल्याकडे काही वाया जात नाही.

हे मत अडाण्याचे नाही. यंत्रावर आयुष्य काढलेले, कापात अर्ध्या मिलिमीटरची चूक खपवून न घेणारे मिस्त्री हेच बोलतात. म्हणूनच त्याचा राग येतो. कोणत्या धातूला किती दात्यांचे पाते लावायचे, दात्यांची तोंडे कोणत्या दिशेला ठेवायची, ताण किती द्यायचा, हे ज्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते, तोच माणूस पाते मोडल्याच्या क्षणी त्याच्याशी आपला काही संबंध नव्हता असे वागतो. पाते निवडण्यात ज्ञान लागते आणि टाकण्यात लागत नाही, हे कोणी ठरवले?

पहिला युक्तिवाद घेऊ: पाते बोथट झाले, आता ते काय कापणार? बोथट कशासाठी झाले, ते आधी विचारा. एक्सा (हॅक्सॉ) ब्लेड आपण टाकतो ते लोखंडी पाइप किंवा सळई कापेनासे झाले म्हणून. बारा इंचांच्या पात्यावर इंचाला २४ दाते धरले तर २८८ दाते होतात. हाय-स्पीड स्टीलच्या पात्यात त्यांची कठीणता रॉकवेल मापावर ६२च्याही पुढे असते. त्या दात्यांची टोके किंचित गोलावली की लोखंडावर पाते घसरू लागते आणि आपण ते मोडीत काढतो. माणसाची कातडी लोखंडाची नाही. जे पाते सळईला हरले ते तळव्याला हरत नाही, आणि त्याने झालेली जखम सुरीच्या जखमेसारखी सरळही नसते; कडा फाटतात, आत लोखंडाचा कीस आणि कटिंग ऑइल राहते. पाते मधोमध मोडले असेल तर आणखी वाईट. पूर्ण टणक पाते वाकत नाही, काचेसारखे तडकते, आणि तडकलेल्या टोकाला कारखान्यातही नव्हती इतकी धार येते. तरी आपण म्हणतो, बोथट आहे.

कोणी म्हणेल, साधी जखमच ना, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले की झाले. गंजामुळे धनुर्वात होतो असे आपल्याकडे सरसकट मानतात, म्हणून चकचकीत पाते निर्धोक वाटते. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्माला येत नाहीत. ते मातीत, शेणात, रस्त्याच्या धुळीत असतात आणि खोल, अरुंद, हवा न लागणाऱ्या जखमेत वाढतात. कचऱ्याच्या ढिगातून आलेले पाते चकचकीत असले काय आणि तांबडे असले काय, जंतूंना फरक पडत नाही. आणि इंजेक्शन कोणी घ्यायचे? त्या दिवसाची मजुरी कोणी भरून द्यायची? जखम झालेला हात पुढचे आठ दिवस काय वेचणार?

इथेच या मताचा खरा पाया उघडा पडतो. ‘भंगारवाला बघून घेईल’ या वाक्यातला भंगारवाला हा एक माणूस नाही. पाते आपल्या कोपऱ्यातून निघाल्यापासून भट्टीत पडेपर्यंत किती हातांतून जाते, ते नीट पाहा. दुकानात संध्याकाळी केर काढणारा पोरगा ते पहिल्यांदा उचलतो. लाकडाच्या भुशात, पुठ्ठ्यात, चहाच्या कपांत ते मिसळलेले असते. पोते उचलून हातगाडीवर किंवा टेम्पोत टाकणारा ते पाठीवर घेतो आणि पोत्याच्या विणीतून दाते बाहेर आलेले असतात. गोदामात पत्रा वेगळा, बीड वेगळे, तांबे वेगळे करणाऱ्या बायका जमिनीवर बसून हातांनी ढीग चाळतात. मग दाबयंत्रावरचा कामगार, मग ट्रकवरचा हमाल.

हा झाला पाते भंगारात गेले तेव्हाचा रस्ता. बहुतेक वेळा ते भंगारात जातच नाही, कारण त्याला किंमत नाही. साध्या एक्सा ब्लेडचे वजन वीसेक ग्रॅम. किलोभर व्हायला पन्नास पाती लागतात, आणि लोखंडी भंगाराचा किलोचा भाव पंचवीस-तीस रुपयांच्या घरात धरला तरी एका पात्याचे साठ पैशांहून जास्त येत नाहीत. साठ पैशांसाठी कोण जपून ठेवणार? म्हणून ते केरात जाते आणि केर घंटागाडीत जातो. पुढे त्याची गाठ कचरा वर्गीकरण करणाऱ्या हातांशी पडते. मुंबईत देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ मध्ये सुरू झाले. तिथे वेचणाऱ्या माणसांच्या किती पिढ्या गेल्या असतील, याचा विचार पाते केरात टाकताना कोणाच्या मनात येतो?

पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांनी आम्ही भिकारी नाही, कामगार आहोत, शहराचा पैसा वाचवतो, हे ठणकावून सांगितले. त्याच चळवळीतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि तिने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असे घराघरांत शिकवले. एवढीच मागणी होती: आत काय आहे ते उघडण्याआधी आम्हाला कळू द्या. हजारो घरांतल्या लोकांना ते जमते. वर्कशॉपच्या मालकाला एका पुडक्यावर ‘पाती’ असे लिहिणे जमत नाही?

हातमोज्यांचा मुद्दाही सांगितला जातो: वेचणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, पालिका देते ना. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा हाताळणाऱ्यांना हातमोजे, बूट, मास्क पुरवण्याची तरतूद केली होती, हे खरे. पण सुती किंवा रबरी हातमोज्यातून करवतीचा दाता सहज आरपार जातो. शिवाय तो धाग्यात अडकला की हात ओढून घेताना कातडीही घेऊन येतो. आणि वर्गीकरण हे बोटांनी ओळखण्याचे काम आहे. जाड हातमोजा चढवला की प्लास्टिक कोणते आणि कागद कोणता हे कळत नाही, दिवसभरात हाती लागणारा माल घटतो, कमाई घटते. धोका निर्माण करणारा उघड्या पात्यावर एक चिकटपट्टी लावायला तयार नाही आणि धोका झेलणाऱ्याने मात्र चिलखत घालून फिरावे, ही कुठली न्यायाची रीत?

कायद्याने कुठे सांगितलेय, असाही एक प्रश्न येतो. २०१६ च्या घनकचरा नियमांतल्या घरगुती घातक कचऱ्याच्या व्याख्येत रंगाचे डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, वापरलेल्या सुया होत्या. करवतीचे पाते नावाने नव्हते, हे मान्य. आता दुसरीकडे पाहा. २०१६ च्याच जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे दवाखान्यातली सुई किंवा शस्त्रक्रियेचे पाते, आरपार टोचले जाणार नाही अशा पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यातच टाकावे लागते. इवल्याशा पात्याला डबा हवा, आणि फूटभर लांबीच्या, २८८ दात्यांच्या पात्याला काही नको? दवाखान्यातल्या पात्याला रक्ताच्या संसर्गाचा धोका जास्त, म्हणून तिथला नियम कडक, हे बरोबरच आहे. पण हाताला भोक पडू नये ही अक्कल दोन्हीकडे सारखीच लागते. कारखाना कायदा १९४८ चा. चार-पाच माणसांच्या दुकानाला तो लागू होत नव्हता, आणि आपली बहुतेक पाती अशाच दुकानांत झिजतात. कायदा पोचत नाही तिथे मालकाची जबाबदारी वाढते की संपते?

आता ‘शेवटी भट्टीतच जाणार’ या म्हणण्याकडे येतो. हा युक्तिवाद वरवर समंजस वाटतो आणि त्यात नुकसान सर्वांत जास्त आहे. सगळी पाती म्हणजे ‘लोखंड’ नव्हे. हातकरवतीचे पान साध्या कार्बन स्टीलचे असते. पॉवर हॅक्सॉच्या जाड पात्यात, ते पूर्ण हाय-स्पीड स्टीलचे असेल तर, सुमारे सहा टक्के टंगस्टन, पाच टक्के मॉलिब्डेनम, चार टक्के क्रोमियम, दोन टक्के व्हॅनेडियम असू शकते. बायमेटल पात्यात दात्यांची कड हाय-स्पीड स्टीलची आणि पाठ लवचिक स्प्रिंग स्टीलची असते. गोल टीसीटी ब्लेडच्या प्रत्येक दात्यावर टंगस्टन कार्बाइडची टीप डाक देऊन बसवलेली असते आणि त्या कार्बाइडला बांधून ठेवायला कोबाल्ट वापरलेले असते.

हे सगळे एका पोत्यात भरून साध्या भंगारात पाठवले की काय होते? जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळून बांधकामाच्या सळया होतात. त्या सळईत हे मौल्यवान धातू विरून जातात; सळईला त्यांचा उपयोग नाही आणि तिथून ते परत मिळत नाहीत. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला तर हा माल नकोच असतो. बिडाच्या ओतकामात क्रोमियम शिरले की कास्टिंगमध्ये टणक जागा धरतात आणि लेथवर घेतल्यावर टूलची धार जाते. म्हणजे आपण ज्याला ‘शेवटी वापरले जाते’ म्हणतो, ते एका ठिकाणी वाया जाते आणि दुसऱ्या ठिकाणी बिघाड करते.

आणि हा धातू आपल्याकडे मुबलक आहे का? जगातले बहुतांश टंगस्टन चीनमधून येते. राजस्थानातली डेगाना इथली खाण बंद पडून कित्येक वर्षे झाली. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात टंगस्टनचे साठे आहेत, पण आपली गरज आयातीवरच भागते. अशा वेळी दाते गेलेले टीसीटी ब्लेड साध्या लोखंडाच्या भावात पोत्यात जाते. कार्बाइडचे भंगार विकत घेणारे स्वतंत्र व्यापारी औद्योगिक पट्ट्यांत आहेत, मोठ्या कटिंग टूल कंपन्याही वापरलेले कार्बाइड परत घेतात, आणि त्याचा किलोचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो. ते वेगळे ठेवणे हा परोपकार नाही, स्वतःच्या खिशाचा हिशेब आहे. एरवी रुपयाला रुपया मोजणाऱ्या धंद्यात एवढा हिशेब कसा सुटतो?

त्याहून आधीचा प्रश्न असा की ते ब्लेड टाकायच्या लायकीचे झाले होते का? टीसीटी ब्लेडला डायमंड व्हीलवर अनेकदा धार लावता येते. एखाद-दुसरी टीप उडाली असेल तर नवी बसवता येते. वखारीतला रुंद बँडसॉचा पट्टा पुन्हा पुन्हा घासून वापरतातच, त्यासाठी सॉ डॉक्टर नावाचा स्वतंत्र कारागीर असतो. जुन्या सुताराकडे तिकोनी कानस असायची, तो सकाळी करवतीचे दाते घासून, आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवून मग कामाला लागायचा. आता बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच करवतींचे दाते विजेने तापवून इतके टणक केलेले असतात की कानस त्यांच्यावर चालतच नाही. अशी करवत घेताना आपण टाकायची वस्तूच विकत घेतो, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. टायर आणि बॅटरीच्या उत्पादकांवर २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली. पात्यांच्या उत्पादकांवर ती का नसावी?

उरला पुनर्वापराचा अभिमान. याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण जुगाडाच्या नावाखाली जे चालते त्याला कोणी हटकत नाही. चांभाराची रापी जुन्या पात्यातून होते, घिसाडी कमानीच्या पट्टीतून खुरपे घडवतो, चांगला सुतार जुन्या करवतीच्या पानातून लाकूड तासायचे स्क्रेपर कापून घेतो. हे कसब आहे, आणि त्याच्यापुढे हात जोडावेत असे आहे. त्या कारागिराला हातातले पोलाद कोणते, ते किती तापवायचे, पाणी कसे द्यायचे हे माहीत असते. पण रस्त्यावर, हॉटेलात, भाजीच्या गाडीवर दिसणारी पॉवर हॅक्सॉच्या पात्याची सुरी? एका टोकाला इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळलेली, बोट पुढे घसरू नये म्हणून काही आड नाही, पात्यावरचा कंपनीचा रंग तसाच. चार टक्के क्रोमियमने पोलाद स्टेनलेस होत नाही, ते गंजते. आणि ते टणक असल्यामुळे आडवा जोर पडला की मोडते. नारळ फोडताना, भोपळा चिरताना तुकडा कुठे उडेल याचा नेम नाही.

वायरमनच्या खिशातला तो अर्धा तुकडा घ्या. वायर सोलायला म्हणून घेतलेला, दोन्ही टोके उघडी. असा तुकडा व्हाइसमध्ये धरून हाताने मोडताना किती जणांनी चष्मा लावलेला तुम्ही पाहिला आहे? मोडायचेच असेल तर दोन्ही बाजूंनी फडके गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून, पक्कडीने मोडावे.

सर्वांत वाईट प्रकार टीसीटी ब्लेडचा. जुने ब्लेड भट्टीत घालून त्याच्या पानातून कोयता काढायचा, असा सल्ला बिनदिक्कत दिला जातो. टिपा बसवायच्या चांदीच्या डाकेत, विशेषतः जुन्या ब्लेडमध्ये, कॅडमियम असू शकते. ते तापले की त्याची वाफ फुफ्फुसाला जीवघेणी ठरते. त्याच टिपा साध्या ग्राइंडरवर घासल्या तर कोबाल्ट आणि टंगस्टन कार्बाइडची बारीक धूळ हवेत जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्येच हे मिश्रण माणसात बहुधा कर्करोग घडवणारे म्हणून नोंदवले. फुफ्फुसाच्या कायमच्या विकाराचा धोका वेगळाच. आणि दाते गेलेले ब्लेड गार्ड काढलेल्या ग्राइंडरवर चढवून ‘अजून एक काम’ काढून घेणाऱ्यांबद्दल काय बोलावे? हा पुनर्वापर आहे की कामगाराच्या अंगावर घेतलेली जोखीम?

ज्याला पाते खरोखर वापरायचे आहे त्याने आधी पोलाद ओळखावे. ग्राइंडरवर हलके टेकवून ठिणग्या पाहाव्यात: साध्या कार्बन स्टीलच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, फुटून फुलणाऱ्या, हाय-स्पीड स्टीलच्या मंद, तांबूस आणि आखूड. कार्बन स्टीलचे पान घासताना निळे पडले की तिथला टणकपणा गेला, म्हणून ते पाण्यात बुडवत घासायचे. हाय-स्पीड स्टील मात्र लालसर होईपर्यंत आपली कठीणता सोडत नाही, म्हणून त्यातून आखणीची सुरी किंवा लेथवरचे खाच पाडायचे टूल उत्तम होते. दाते आधी पूर्ण घासून काढायचे, मूठ लाकडाची, पक्की रिव्हेट केलेली. एवढे करायची तयारी नसेल तर पुनर्वापराचे नाव घेऊ नये.

शेवटचे हत्यार वेळेचे. या सगळ्याला वेळ कोणाकडे आहे? करायचे काय आहे ते तर पाहा. झाकणाचा पत्र्याचा डबा, रंगाचा रिकामा, वाळवून घेतलेला डबा चालतो. झाकणाला एक लांब चीर. यंत्राशेजारी तो स्क्रूने पक्का बसवायचा, म्हणजे पाते काढले की हात आपोआप तिकडे जाईल. कार्बाइडसाठी दुसरा छोटा डबा. मोठ्या पात्याच्या दात्यांवर पुठ्ठ्याची पट्टी दुमडून चिकटपट्टी लावायची. बँडसॉचा पट्टा तीन वेटोळ्यांत घडी घालून दोन ठिकाणी तारेने बांधायचा; तो उघडा सोडला तर स्प्रिंगसारखा उसळतो. जमिनीवर सांडलेले तुकडे उचलायला जुन्या स्पीकरचे चुंबक पुरते. डबा भरला की झाकण तारेने आवळायचे, वर तेलरंगाने ‘पाती’ लिहायचे, आणि माल डब्यासकट तोलून द्यायचा. नवे पाते बसवून ताण देण्याला लागतो त्याहून हे काम मोठे नाही. जो मालक नव्या यंत्रासाठी कर्ज काढतो त्याला रिकामा डबा परवडत नाही, हे मी मान्य करणार नाही.

पालिकांनी सुक्या कचऱ्याच्या केंद्रांवर धारदार धातूसाठी वेगळी पेटी ठेवली पाहिजे आणि आयटीआयच्या पहिल्याच आठवड्यात, पाते बसवायला शिकवतात त्याच तासाला, ते टाकायलाही शिकवले पाहिजे. पण त्याची वाट पाहायची गरज नाही. पाती विकणारे हार्डवेअरवाले उद्याच सुरुवात करू शकतात. तुमच्या दुकानातून महिन्याला किती पाती जातात हे तुम्हाला माहीत आहे. काउंटरखाली एक जाड पत्र्याची पेटी ठेवा, नवे पाते मागणाऱ्याला जुने आणायला सांगा, पेटी भरली की कार्बाइड वेगळे आणि लोखंड वेगळे करून विका. आणि मिस्त्रींनो, तुमच्या दुकानातून आजवर बाहेर गेलेले प्रत्येक उघडे पाते कोणीतरी हाताने उचलले आहे. पुढचे जाण्याआधी डबा ठोका.